परळच्या स्वयंपाकघरातलं दंतमंजन दुकानाच्या फळीवर कसं पोहोचलं? 'विको'च्या केशव पेंढरकरांची गोष्ट

डोंबिवलीत के. व्ही. पेंढरकर महाविद्यालय कुठे आहे हे कुणीही सांगेल. पण हे के. व्ही. पेंढरकर कोण, असं विचारलं तर तिथे शिकून गेलेल्यांपैकीही अनेकजण क्षणभर थांबतील. त्यांनी बनवलेली वस्तू मात्र सगळ्यांना माहीत आहे. विको वज्रदंती.

केशव विष्णू पेंढरकर हे विको कंपनीचे संस्थापक. आजीच्या बटव्यातली वस्तू त्यांनी डब्यात भरली, त्यावर लेबल चिकटवलं आणि ती विलायती मालाच्या शेजारी दुकानाच्या फळीवर नेऊन ठेवली. आज आयुर्वेदिक टूथपेस्ट आणि हळदीची क्रीम कुठेही मिळते, त्यामुळे यात विशेष काय असं वाटू शकतं. पण १९५२ साली हे करायला धाडस लागत होतं. या नव्या रूपामुळे एक असा प्रश्न उभा राहिला की त्याचं उत्तर शोधत त्यांच्या कंपनीला पुढची कित्येक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

प्रश्न साधा होता. जुन्या औषधाचं वेष्टन बदललं तर ते औषधच राहतं, की सौंदर्यप्रसाधन होतं?

नागपूरचं किराणा दुकान

पेंढरकरांची सुरुवात नागपूरची. तिथे त्यांचं छोटंसं किराणा दुकान होतं. घरात खाणारी तोंडं बरीच आणि दुकानाचं उत्पन्न बेताचं. मोठ्या शहरात काहीतरी जमेल या आशेने त्यांनी मुंबई गाठली.

मुंबईत आल्यावर लगेच नशीब उघडलं असं झालं नाही. त्यांनी एकामागून एक छोटे धंदे करून पाहिले. काही चालले, काही बसले. पण मुंबईचा बाजार त्यांना शिकवत होता. माल विकायचा तर तो नुसता चांगला असून भागत नाही, तो गिऱ्हाइकाच्या नजरेत भरावा लागतो. जाहिरात म्हणजे काय, डब्याचा आणि नावाचा उपयोग काय, हे त्यांना इथे कळलं. पुढे कुटुंब परळला राहायला आलं. परळ म्हणजे तेव्हा गिरणगाव. भोंग्याच्या आवाजावर चालणारी, कामगारांनी भरलेली वस्ती.

१९५२ साली बाजारात काय मिळत होतं?

स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाली होती, पण न्हाणीघरातली फळी अजून स्वतंत्र झाली नव्हती. कोलगेट १९३७ सालीच भारतात आलं होतं. चेहऱ्याला लावायला पाँड्सची क्रीम होती. देशी म्हणावी अशी अफगाण स्नो होती. ती मुंबईच्या ई. एस. पाटणवालांनी १९१९ साली आणली, पण तिचा घाटही विलायती स्नोचाच होता.

गंमत म्हणजे विको सुरू झाली त्याच वर्षी, १९५२ साली, टाटांनी लॅक्मे सुरू केली. लॅक्मे हे एका फ्रेंच ऑपेराचं नाव, आणि त्या नावाचं मूळ आपल्या लक्ष्मीत. म्हणजे लक्ष्मीला फ्रेंच वेष चढवला की ती लॅक्मे होते, आणि बाजारात तिचा भाव वाढतो. त्या काळात 'चांगली' वस्तू कशी दिसायला हवी याची लोकांच्या मनातली कल्पना अशी होती.

दुसऱ्या बाजूला घराघरात जुनी सवय टिकून होती. खेड्यात बाभळीची किंवा कडुलिंबाची काडी चावून दात घासले जायचे. कुठे राखुंडी, कुठे कोळशाची पूड, कुठे घरी कुटलेलं मंजन. चेहऱ्याला हळद आणि चंदन, दिवाळीला उटणं. परभणीसारख्या जिल्ह्यात काय किंवा मुंबईत काय, काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन हे सगळं सुटं घ्यायचं आणि कागदाच्या पुडीत बांधून आणायचं, ही रीत होती.

या पुडीची एक अडचण होती. तिच्यावर नाव नव्हतं. आत काय आहे, किती आहे, कुणी बनवलं, किती दिवस टिकेल, यातलं काहीच लिहिलेलं नसायचं. विकणाऱ्यावर विश्वास, एवढाच तिचा आधार. शहरात नव्याने आलेल्या माणसाला हा विश्वास कुठून मिळणार? कोलगेटच्या डब्यावर मात्र सगळं छापलेलं असायचं. पुडीतला माल वाईट नसतानाही लोक डब्याकडे वळत होते.

पेंढरकरांना जागा दिसली ती इथे. माल पुडीतला, रूप डब्यातलं.

पंचावन्नाव्या वर्षी नवा धंदा

ही कल्पना सुचली तेव्हा पेंढरकर पंचावन्न वर्षांचे होते. नोकरी करणारा माणूस या वयात निवृत्तीचे हिशेब मांडतो. त्यांच्याकडे ना मोठं भांडवल होतं, ना वैद्यकीची पदवी. आयुर्वेदाची जाण असलेल्या एका मेहुण्याची मदत त्यांनी घेतली आणि मंजनाचा पाठ जमवला.

कारखाना कुठे काढायचा? तर घरातच. परळच्या तीन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघरात माल तयार व्हायचा. उरलेल्या खोल्या ऑफिस आणि गोदाम झाल्या. वनस्पती वाळवायच्या, कुटायच्या, वस्त्रगाळ करायच्या, मोजून मिसळायच्या आणि डबे भरायचे. सगळं घर या कामाला लागलेलं. धंदा बसला असता तर दुकानाला कुलूप लावून घरी जाण्याचीही सोय नव्हती, कारण घर हेच दुकान होतं.

नावातच अर्धं काम

कंपनीचं नाव ठेवलं विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी. त्याची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की होतं विको. विष्णू हे केशवरावांच्या वडिलांचं नाव.

लॅक्मे आणि विको ही दोन नावं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. दोन्हीत एक देव दडलेला आहे. दोन्हींनी वरून परदेशी वाटेल असा पोशाख घातला आहे. पण पेंढरकरांनी कंपनीचं नाव इंग्रजी वळणाचं ठेवलं आणि मालाचं नाव मात्र अस्सल देशी ठेवलं. वज्रदंती.

वज्रदंती ही खरी वनस्पती आहे. मराठीत आपण तिला पिवळी कोरांटी म्हणतो. कुंपणाला, माळरानावर उगवणारं हे काटेरी झुडूप दातांच्या तक्रारींवर पूर्वीपासून वापरात आहे. शिवाय नाव ऐकताच अर्थ कळतो. वज्रासारखे दात. वेगळी घोषणा लिहायची गरजच नाही. मंजनात वज्रदंतीच्या जोडीला बाभूळ, बकुळ, मंजिष्ठा, लवंग, अक्कलकाढा, ज्येष्ठमध अशा साली आणि वनस्पती होत्या. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणाऱ्या, आज्यांना तोंडपाठ असलेल्या. त्यांची नावं वाचून गिऱ्हाइकाला हे आपलंच आहे असं वाटायचं, आणि 'विको' वाचून हे कंपनीचं आहे असं वाटायचं.

पुडीतून डब्यात जाताना काय बदलतं?

वेष्टन म्हणजे नुसतं चित्र नव्हे. पुडीतलं मंजन डब्यात घालताना बऱ्याच गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट ओल. सालींची बारीक पूड हवेतली ओल पटकन धरते. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या पुडीतल्या मंजनाचे गोळे व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे डबा घट्ट झाकणाचा हवा.

दुसरी गोष्ट सारखेपणा. घरी कुटलेलं मंजन दर वेळी थोडं वेगळं झालं तरी चालतं. डब्यावर नाव छापलं की प्रत्येक डब्यातली चव, रंग आणि बारीकपणा तोच लागतो. नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, हा माल नकली आहे.

तिसरी गोष्ट जबाबदारी. नाव छापलं की तक्रार कुठे करायची हेही छापलं जातं.

दारोदार फिरणारी मुलं

माल तयार झाला, पण दुकानदार ठेवणार कोण? नाव नवीन, कंपनी कुणाला ठाऊक नाही. तेव्हा पेंढरकर आणि त्यांची मुलं पिशव्यांत डबे भरून मुंबईत दारोदार फिरले. अनेक घरांनी नकार दिला. काहींनी घेऊन पाहिलं. ज्यांनी पाहिलं त्यातले काही दुसऱ्यांदा घेऊ लागले.

या फिरण्याचा फायदा केवळ विक्रीपुरता नव्हता. गिऱ्हाईक कशाला हात घालतं, कुठे नाक मुरडतं, डब्यावरचं काय वाचतं आणि काय वाचत नाही, हे घरात बसून कळत नाही. उंबऱ्यावर उभं राहिलं की लगेच कळतं. हळूहळू मागणी वाढली आणि काही वर्षांत कंपनीची उलाढाल लाखांत गेली. परळचं स्वयंपाकघर पुरेना. पुढे विकोचा कारखाना डोंबिवलीत उभा राहिला आणि नंतर नागपूर आणि गोव्यातही कारखाने झाले. ज्या नागपुरातून किराणा दुकान सोडून पेंढरकर निघाले होते, तिथे त्यांची कंपनी कारखानदार म्हणून परतली.

मुलगा शिकून आला आणि ट्यूब आली

केशवरावांचे चिरंजीव गजानन पेंढरकर औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन घरच्या धंद्यात आले. वडिलांकडे बाजाराची नजर होती, मुलाकडे प्रयोगशाळेची शिस्त आली.

काळही बदलत होता. शहरात ब्रश आला होता आणि ब्रशला पावडरपेक्षा पेस्ट सोयीची. पण मंजनाची पेस्ट करणं म्हणजे पुडीत पाणी घालणं नव्हे. वनस्पतींचे अर्क काढावे लागतात. पाणी आलं की बुरशीचा धोका येतो. रंग तपकिरी, चव तुरट. पांढऱ्याशुभ्र, गोड पेस्टची सवय झालेल्या जिभेला हे पटवायचं. विकोची पेस्ट आली ती हा रंग आणि ही चव जवळपास तशीच ठेवून. ट्यूब नव्या काळाची, आतला माल जुन्या काळाचा.

दाबून माल बाहेर काढायची ट्यूब मुळात चित्रकारांसाठी बनली होती. जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली रंग वाळू नयेत म्हणून ती शोधली. ट्यूबचा मोठा गुण हा, की आतल्या मालाला हवा कमी लागते आणि बोटं लागत नाहीत. डब्यात चार जणांनी बोट बुडवलं की माल खराब व्हायची भीती असते. वनस्पतींच्या मालासाठी ही गोष्ट विशेष कामाची होती.

कायद्याने लेबल वाचायला घेतलं

याच सुमारास सरकारनेही आयुर्वेदिक मालाकडे लक्ष वळवलं. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात १९६४ साली दुरुस्ती झाली आणि आयुर्वेदिक व युनानी औषधांसाठी वेगळं प्रकरण जोडलं गेलं. चरकसंहिता, सुश्रुतसंहिता, अष्टांगहृदय, भावप्रकाश अशा ग्रंथांची यादी कायद्याला जोडली गेली. आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना आला. लेबलवर काय असलंच पाहिजे हेही ठरलं. आतले घटक, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख आणि हे आयुर्वेदिक औषध आहे असा स्पष्ट उल्लेख.

म्हणजे पुडीवर जे कधीच लिहिलेलं नसायचं, ते सगळं आता लिहिणं सक्तीचं झालं. इतरांसाठी ही कटकट होती. ज्यांनी आधीपासून नाव छापून माल विकला होता, त्यांच्यासाठी तो आधार ठरला.

१९७१ नंतर

केशव पेंढरकरांचं १९७१ साली निधन झालं. कंपनीची सूत्रं गजाननरावांकडे आली. १९७५ साली विकोने हळदीची क्रीम बाजारात आणली. विको टर्मेरिक.

वडिलांनी मंजनाबाबत जे केलं तेच मुलाने हळदीबाबत केलं. हळद आणि चंदन आपल्याकडे हळदीच्या समारंभापासून उटण्यापर्यंत सगळीकडे. पण रोज सकाळी ऑफिसला जाताना चेहऱ्याला हळद फासून कोण जाईल? पिवळी क्रीम पाहिली की लोकांना पहिली भीती डागाची वाटायची. यावर विकोचे विक्रेते आरसा घेऊन फिरायचे. क्रीम लावून दाखवायची आणि चेहरा पिवळा होत नाही हे दुकानदाराला आरशात पाहू द्यायचं. पंचवीस वर्षांपूर्वी उंबऱ्यावर शिकलेला धडा पुन्हा कामाला आला.

मग जाहिरात. रेडिओ, सिनेमागृह, व्हिडिओ कॅसेट, कितीतरी भारतीय भाषा. १९८४ साली दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' ही मालिका आली तेव्हा तिची प्रायोजक विको होती. त्या काळातल्या मुलांना विकोची धून आजही अख्खी येते. त्या जाहिरातीत एक गोष्ट ठासून सांगितलेली असायची. ही क्रीम कॉस्मेटिक नाही.

जाहिरातीत हे ठासून का सांगत होते?

कारण हा मुद्दा कोर्टात होता.

उत्पादन शुल्क खात्याच्या हिशेबात सौंदर्यप्रसाधनांवर भरपूर कर आणि आयुर्वेदिक औषधांवर फारच कमी. सत्तरच्या दशकात खात्याने विकोच्या मालाला प्रसाधन ठरवलं. पेस्ट रोज वापरतात, क्रीम चेहऱ्याला लावतात, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय वाण्याकडे मिळते, मग हे औषध कसलं? कंपनीचं म्हणणं, घटक आयुर्वेदाच्या ग्रंथांतले, परवाना आयुर्वेदिक औषधाचा, मग हे प्रसाधन कसं?

हरलं असतं तर मागच्या वर्षांचा कर भरावा लागला असता आणि मालाची किंमत वाढली असती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पेंढरकरांनी ज्या पायावर कंपनी उभी केली, तो पायाच कागदोपत्री गेला असता.

प्रकरण ठाण्याच्या दिवाणी न्यायालयापासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. नंतर करांची रचना बदलली, वाद पुन्हा उभा राहिला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. तिथेही निकाल विकोच्या बाजूने लागला. माल औषधच ठरला.

हा निकाल सहज गृहीत धरण्यासारखा नव्हता, हे दुसऱ्या एका खटल्यावरून दिसतं. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली उलट निर्णय दिला. सामान्य माणूस त्या मंजनाकडे औषध म्हणून पाहत नाही, रोजच्या दात घासण्याची वस्तू म्हणून पाहतो, असं न्यायालयाने मानलं.

अशा प्रकरणांत न्यायालयं मुख्यतः दोन कसोट्या लावतात. एक, घटक आयुर्वेदाच्या प्रमाण ग्रंथांत आहेत का? दोन, विकत घेणारा माणूस त्या वस्तूला काय समजतो? पहिलीचं उत्तर ग्रंथात सापडतं. दुसरीचं उत्तर लोकांच्या मनात असतं, आणि ते मन घडवण्यात नाव, डबा आणि जाहिरात यांचा वाटा असतो. जाहिरातीतलं ते ठासून सांगणं या नजरेने पाहिलं की त्याचा अर्थ उलगडतो.

आज याचा काय उपयोग?

महाराष्ट्रात आज गावोगावचे बचत गट उटणं, मंजन, केशतेल बनवतात. दिवाळीच्या प्रदर्शनात पारदर्शक पिशवीत भरलेलं उटणं हमखास दिसतं. त्यांच्यातल्या कुणालाही पुढे जायचं असेल तर पेंढरकरांसमोरचाच प्रश्न समोर येतो. वेष्टनावर काय लिहायचं?

त्वचा उजळ दिसेल असं लिहिलं तर वस्तू प्रसाधन ठरू शकते, मुरुमं बरी होतील असं लिहिलं तर औषध. दोन्हींचे परवाने वेगळे, नियम वेगळे. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहतं. म्हणून चित्रकाराला बोलावण्याआधी आपण काय विकतोय हे ठरवावं लागतं. रंग, अक्षरं, डबा हे सगळं त्यानंतर.

पेंढरकरांनी हे पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. डब्याची ट्यूब झाली, जाहिरात रेडिओवरून टीव्हीवर गेली, कारखाना परळहून डोंबिवलीला गेला. पण आत काय आहे आणि त्याला काय म्हणायचं, याबाबत शब्द बदलला नाही. खटला संपला तेव्हा पेंढरकरांना जाऊन कित्येक वर्षं झाली होती. परळच्या घरात त्यांनी जे नाव दिलं होतं, त्यावर तेव्हा कुठे शिक्का बसला.